गोळीचा रंग

त्या रविवारी दुपारी मी शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि सहज खिडकीतून बाहेर पाहिलं, तर आत्या फाटकापाशी उभ्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या पुढ्यात चौकातला पांढरा कुत्रा मान खाली घालून खात होता. यात नवल काही नाही. भाकरी थापून झाल्या की उरलेल्या पिठाची एवढीशी चानकी करायची आणि ती कुत्र्याला घालायची, ही रीत आत्यांनी जामखेडकडच्या गावाहून इथं सावेडीतल्या आमच्या रो-हाऊसमध्ये आणली, आणि दोन वर्षं मी ती बिनतक्रार पाळते आहे. पण चानकी घालायची ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर, आणि कोरडी. त्या दिवशी आमचं कुणाचंच जेवण झालं नव्हतं, आणि चानकीवर मी केलेलं वांग्याचं कालवण ओतलेलं होतं. कुत्र्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली. एरवी आत्या त्याच्याकडे पाठ करून केव्हाच आत येतात. आज त्या हलल्या नाहीत. कुत्रा दोन पावलं गेला, बसला, मागच्या पायानं कान खाजवू लागला, मग उठून शेजाऱ्यांच्या गाडीखाली जाऊन आडवा झाला. त्याचं पोट वरखाली होताना दिसेपर्यंत आत्या बघत राहिल्या. मग आत आल्या, पाय धुतले, पाटावर बसल्या आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, वाढ. मी वाढलं. त्या जेवत होत्या आणि मी त्यांच्या घासांकडे बघत नाही असं दाखवत होते.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण ती मालिका मीही बघते. बघते म्हणजे साडेसातला कणीक मळताना दारातून जेवढी दिसेल तेवढी. त्यातली सून राजनंदिनी, मोठ्या घरातली, दिवसभर भरजरी साडीत वावरणारी, गेला महिनाभर सासूच्या गोळ्या बदलते आहे. डबीतल्या खऱ्या गोळ्या काढते, दुसऱ्या घालते, झाकण लावते आणि गोड हसते. हसली की ते संगीत वाजतं, खालून वर चढत जाणारं, आणि तिचा चेहरा तीनदा दाखवतात. पहिल्या दिवशी मी हसले होते. औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काम केलेल्या बाईला हसू येणारच. दिल्लीगेटजवळच्या मेहताबभाईंच्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे, आणि मला माहीत आहे की सासूला मारायला एवढी भरजरी साडी लागत नाही. हे वाक्य मी दुकानात म्हणून दाखवलं होतं, सगळे हसले होते. मेहताबभाईंनी तर सांगितलं की त्यांच्या अम्मीजाननंही परवा सरबताचा पेला आधी इन्शाला, म्हणजे नातीला, प्यायला लावला. तेही हसण्यावारी गेलं. त्याच सुमाराला कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी लांबलचक मेसेज टाकला होता, मालिकांमध्ये छुपे संदेश असतात, घरं फोडायचे, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत पण मेंदूत जाऊन बसतात. मी त्याखाली हसरा चेहरा पाठवला आणि विसरले. आता कुत्र्याच्या पोटाकडे बघणाऱ्या आत्या आठवल्या की तो हसरा चेहरा मला माझाच वाटत नाही.

आत्या आमच्याकडे आल्या तेव्हा सासऱ्यांना जाऊन महिना झाला होता. एक ट्रंक, एक घोंगडी, एवढंच सामान. मी जरा धास्तावले होते, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी घरात आल्याआल्या कुठं हस्तक्षेप केला नाही, मीही केला नाही, आणि फार न बोलता आमचं छान जमलं. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, गल्लीत येईल त्याला त्या सांगायच्या, “माझी सून औषदाच्या दुकानात हाय, आमाला डाक्टरचं काम न्हाई.” मला ते आवडायचं. मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला, नवरा कोपरगावकडं साखर कारखान्यात, हंगाम जोरात, त्याला रजा मिळेना. तेव्हा नऊ दिवस आत्यांनी मला लहान पोरीसारखं भरवलं. डोळे उघडायचं त्राण नव्हतं. तोंडाशी चमचा आला की तोंड उघडायचं. काय आहे, कसलं आहे, मी एकदाही विचारलं नाही. पेज असेल, लापशी असेल, आणखी काही असेल. आता मला वारंवार तेच आठवत होतं, की मी विचारलं नव्हतं. आणि मग असं आठवणं हेही मला विचित्र वाटू लागलं, कारण त्या आठवणीला एक धार आली होती जी आधी नव्हती. काय असेल त्या चमच्यात, असा प्रश्न मला वर्षानंतर का पडावा?

त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात वेगळीच बाई झाले. मीठ घालायचं तर डबा ओट्याच्या टोकाला आणून, बाहेरच्या खोलीतून दिसेल असा धरून घालायचं. हळद, तिखट, सगळं उजेडात. आमटीला उकळी आली की पळीनं हातावर घेऊन मोठ्यानं चाखायची. एकदा तर मी आपणहूनच म्हणाले, “आज कोथिंबीर घातली हं आत्या, दुसरं काही नाही.” म्हटलं आणि कानशिलं तापली. दुसरं काही म्हणजे काय? कुणी विचारलं होतं? आपण निर्दोष आहोत हे दाखवायला लागलं की माणूस चोरासारखंच वागायला लागतं, हे मला तेव्हा कळलं. राजनंदिनीही असंच मोकळेपणानं हसते, डबे उघडे ठेवते. मी तिच्यासारखी दिसत असणार. आत्या पलंगावर बसून गहू निवडत असायच्या आणि मान वर न करता त्यांना सगळं दिसत असायचं. पाणी त्या आता माझ्याकडे मागत नव्हत्या, संस्कृतीला हाक मारायच्या. नऊ वर्षांची माझी मुलगी उड्या मारत जायची, आणि तिनं आणलेला तांब्या त्या एका दमात रिकामा करायच्या.

बोलून टाकायचं, एवढं साधं होतं ते. पण काय बोलायचं? आत्या, मी तुम्हाला विष घालत नाही? हे वाक्य मी न्हाणीघरात, दुकानातून येताना रिक्षात मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी गिळलं. एकदा उच्चारलं की ते घरात राहायला येणार. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी होती ती माझी घमेंड. अकरा वर्षं लोकांनी माझ्या हातून डोळे झाकून गोळ्या नेल्या, आणि माझ्या घरात कुत्रं लावून परीक्षा. मला राग आला होता. इतका, की त्याच्या खाली दुसरं काही आहे का हे बघायचीही मला इच्छा नव्हती. बिभीषणला, म्हणजे नवऱ्याला, फोनवर मी एवढंच म्हटलं की आत्या हल्ली मालिका फार मनावर घेतात. तो हसला आणि म्हणाला टीव्हीचा रिचार्ज मारू नको. पंधरा दिवसांनी एकदा घरी येणाऱ्या माणसाला सगळं सोपंच असतं. एका संध्याकाळी मात्र मी धीर केला आणि पोळपाटावरून नजर न काढता विचारलं, हे असलं कशाला बघता, उगाच डोक्याला ताप. आत्यांनी गव्हातला खडा बाजूला टाकला. “शिरेल उगं दावत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “ज्याला कळायचं त्याला कळावं म्हनून दावत्यात.” आणि त्यांनी आवाज वाढवला. ते संगीत चढत चढत माझ्यापर्यंत आलं. पोळी लाटता लाटता माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या ठेक्यात लाटते आहे.

दुसरा रविवार. संस्कृती सकाळी शिष्यवृत्तीच्या क्लासला गेलेली. रविवारी मी आत्यांच्या आठवड्याच्या गोळ्या भरते. सात खणांची निळी डबी आहे, दुकानातूनच आणलेली, सोमवार ते रविवार. रक्तदाबाची एक गोळी, रोज सकाळी चहाआधी. खण रिकामे बघायचे, भरायचे, झाकण दाबायचं. रिकाम्या खणांकडे बघून मला नेहमी बरं वाटतं, आठवडा नीट पार पडला असं. त्या दिवशीही खण रिकामे होते. मी सातवी गोळी टाकत असताना आत्या बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या की मान लई भरून आली. गेलं तर चेहरा लालबुंद, कपाळाच्या कडेची शीर उठलेली, आणि डाव्या हातानं मानेचा मागचा भाग दाबून धरलेला. मी मशीन आणलं, दंडाला पट्टा बांधला. त्यांनी बांधू दिला. पट्ट्यात काही घालता येत नाही म्हणून असेल. आकडा आला दोनशे आठ आणि एकशे चौदा. मला वाटलं मशीन चुकलं. पुन्हा घेतलं. दोनशे बारा. दोन वर्षांत त्यांचा दाब एकशे चाळीसच्या वर गेला नव्हता. मी त्यांना पडून राहायला सांगितलं, आत आले आणि ओट्यावरच्या त्या निळ्या डबीसमोर उभी राहिले. सहा खण भरलेले, सातव्या खणात मघाशी टाकलेली गोळी. फिकट गुलाबी, लांबट.

आणि तिथं मला सगळं एकदम दिसलं. आत्यांची गोळी पांढरी होती. पांढरी, गोल, दोन वर्षं. तीन आठवड्यांपूर्वी त्या कंपनीचा माल यायचा थांबला आणि मी दुसऱ्या कंपनीची आणली. घटक तोच, ताकद तीच, फक्त रंग आणि आकार वेगळा. दुकानात दिवसातून दहा गिऱ्हाइकांना मी हे समजावून सांगते. बदललीये पण औषध तेच आहे बरं का, घाबरू नका. हे सांगणं हा माझ्या कामाचा भागच आहे, नाही सांगितलं तर मेहताबभाई रागावतात. घरी मी सांगितलं नाही. घरी काय सांगायचं, घरच तर आहे. रविवारी गुपचूप पांढऱ्यांच्या जागी गुलाबी भरल्या, झाकण लावलं. आणि कदाचित आत्यांकडे बघून हसलेही असेन. त्याच आठवड्यात साडेसातला राजनंदिनीनं तेच केलं. मी त्या दिवसापासून रिकामे खण मोजत होते, पण गोळ्या कुठं जातात ते पाहिलं नव्हतं.

शोधायला लागलंच नाही. आतल्या खोलीत आत्यांच्या ट्रंकेवर मिसरीची पत्र्याची डबी असते. त्या रोज सकाळी मिसरी लावतात. गेले काही दिवस त्या मिसरी लावत नव्हत्या हे मी पाहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, बरं झालं, सुटली सवय. झाकण घट्ट होतं, उघडताना टक् असा आवाज झाला. आत एकवीस गोळ्या. गुलाबी, काळ्या भुकटीनं माखलेल्या. एकवीस दिवस. म्हणजे आज, उद्या, केव्हाही मेंदूतली एखादी शीर फुटू शकते, आणि फुटली तर कुणीही म्हणेल वय झालं होतं. औषध तर सून रोज देत होती, डबी भरलेली असायची, शेजारणी सांगतील, सून औषधाच्या दुकानात. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात हे असं एकेक पाऊल पुढं सरकत होतं, शांतपणे. मला काहीच करायचं नव्हतं. काही घालायचं नव्हतं, काही बदलायचं नव्हतं. फक्त झाकण लावायचं, डबी होती तिथं ठेवायची आणि मान भरून आली असेल तर बाम चोळते म्हणायचं. आठवडाभर जिच्यावर संशय घेतला गेला त्या बाईनं एवढं करावं, यात गैर काय? तेव्हा ते संगीत सुरू झालं. टीव्ही बंद होता. ते माझ्या आतून येत होतं, खालून वर, आणि मला माझाच चेहरा दिसत होता, एकदा, दोनदा, तीनदा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल, दोन मिनिटं असतील. मला भीती वाटली ती त्या विचाराची नाही. त्या विचारात मी किती आरामात उभी होते, त्याची.

मग मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी गोळी द्या आणि लगेच घेऊन या. रिक्षावाल्याला फोन केला, तो म्हणाला दहा मिनिटांत येतो. गोळ्यांची कोरी पट्टी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर आले. आत्या पडल्या नव्हत्या, उठून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी गोळी पुढे केली. त्यांनी ओठ मिटले. मी सांगितलं, आत्या, चूक माझी आहे, गोळी बदलली ती मी, कंपनी बदलली, औषध तेच आहे, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. एका दमात सगळं सांगितलं, दुकानात सांगते तसं. त्या ऐकत होत्या. पण ओठ उघडेनात. त्यांचा श्वास मोठा येत होता आणि डोळ्यांत तांबडे धागे दिसत होते. तोंड धरून घालावी असंही मनात आलं. मालिकेत तेही दाखवलं होतं. मग मी पट्टीतून दोन गोळ्या काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि म्हटलं, यातली कोणती मी घेऊ ते तुम्ही सांगा. आत्यांनी बराच वेळ पाहिलं. माझ्याकडं नाही, गोळ्यांकडं. मग बोट पुढे करून करंगळीजवळची गोळी दाखवली. मी ती तोंडात टाकली आणि त्याच तांब्यातलं पाणी प्याले. जीभ वर करून दाखवली.

आम्ही समोरासमोर बसलो. मला हसू यायला हवं होतं, कारण या औषधाचा परिणाम दिसायला काही तास जातात. विषबाधेनं जाहिरात लागायच्या आत मरतात ती मालिकेतली माणसं. माझं काही होणार नव्हतं, फार तर संध्याकाळी जरा हलकं वाटलं असतं. पण आत्या माझ्या छातीकडे बघत होत्या, श्वास कसा चाललाय ते, आणि मी तो नीट, सावकाश घेत होते, त्यांना दिसावा म्हणून. दुसरी गोळी माझ्या घामेजल्या तळहातावर विरघळायला लागली होती. प्रत्येक मिनिट त्यांच्या डोक्यातल्या त्या शिरेवर जात होतं आणि मी त्यांना घाई करू शकत नव्हते. घाई केली असती तर तीही खूण ठरली असती. आत्या एकदम म्हणाल्या,

“मिसरीच्या डबीचं झाकान वाजलेलं म्या ऐकलं.”

मी तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

“मंग येवढा येळ आत काय करत हुतीस?”

फोन करत होते, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. “झाकण लावून डबी परत ठेवावी असं मनात आलं होतं,” मी म्हटलं. “गप्प बसावं. आपोआप काय व्हायचं ते होईल.”

खोलीत पंखा फिरत होता. आत्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी हात पुढे केला, माझ्या तळहातावरची ती अर्धी ओली गोळी उचलली, जिभेवर ठेवली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पाणी हनुवटीवरून पातळावर सांडलं, ते त्यांनी पुसलं नाही. मी रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही. त्या वाचतील म्हणून असेल, आणि आता त्यांना माझ्याबद्दल खरं माहीत झालं म्हणूनही. त्यांनी मला रडू दिलं.

“माजी सासू चार वर्सं आंथरुनावर हुती,” आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “समदं जाग्यावर करावं लागायचं. रानातलं बी करायचं, घरचं बी. एक दिस म्या औषदाची बाटली फळीवरच ठिवली. सकाळची दिली न्हाई, दुपारची न्हाई. त्या हाका मारीत हुत्या अन् म्या चुलीपुढं बसून ऐकत हुते. दिवं लागायला उठून दिली.”

“त्यांना कळलं होतं?”

“कळलं आसंल. त्या दिसापास्नं पानी पाजाया गेलं की आधी माज्या तोंडाकडं बगायच्या. दोन वर्सं जगल्या त्यापुढं. रोज बगायच्या.”

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. मी डोळे पुसले, त्यांची फाईल घेतली, चपला पुढे आणून ठेवल्या. आत्या भिंतीचा आधार घेत अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या.

“तवा आमच्या गावात टीवी नव्हता, पंकजा,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला. तो धरायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मीही पहिल्यांदा नजर न चुकवता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हात धरला, घट्ट, आणि आम्ही पायऱ्या उतरलो.